तूर चावायचा मान

रिठद,
१२ फेब्रुवारी २०२५

योगिनी,

जय भीम. तुझ्या मिलमध्ये माझं फार चांगलं स्वागत झालं. आल्या आल्या खुर्ची दिली, चहा दिला, पाठीमागे पंखा लावला. त्यानंतर आज तिसरा दिवस आहे आणि अजून कोणी मला काहीही विचारलेलं नाही.

सोजरबाईंनी फोनला बंदी घातली. "फोनवर मिल चालवान, तं बदली कायची?" असं भर मीटिंगमध्ये माझ्याकडेच बघून म्हणाल्या. महासंघाच्या अध्यक्षा आहेत, म्हणतील. पण पत्राबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही, आणि किसनसिंगचा पिकअप पोती घेऊन किन्हीराजा ते रिठद फेऱ्या मारतोच. तेव्हा लिहिते, आणि स्पष्टच लिहिते. तुझं-माझं फोनवर तसंही धड बोलणं होत नाही, पाचव्या मिनिटाला आवाज चढतो.

महासंघाच्या बायकांच्या चार दाळमिल, चार मॅनेजर, आणि आता चौघींच्या वर एक मोठी मॅनेजर नेमायची. शिरपूरवालीनं आणि मालेगाववालीनं माघार घेतली. राहिलो आपण दोघी. म्हणून हा बदलीचा खेळ: महिनाभर मी तुझी मिल चालवायची, तू माझी, आणि मार्चच्या मीटिंगमध्ये निकाल. मला ही जागा पाहिजे, योगिनी. ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळो, असलं तोंडदेखलं मी बोलणार नाही. किन्हीराजाची मिल मी उभी केली, आणि ती मार्गी लागल्यावर काही दिवस तू माझ्याकडे पोती शिवत होतीस. दाभण कसा धरायचा ते मी तुला दाखवलं. आज तू माझ्या बरोबरीनं उभी आहेस याचा सगळ्यांना आनंद होतो, आणि मला होत नाही.

काल सकाळची गोष्ट. ओट्यावर तूर वाळत होती. तुला सांगायला नको, तेलपाणी लावून रात्रभर झाकलेल्या तुरीला दोन उन्हं पुरतात की तीन लागतात हे कुठलं यंत्र सांगत नाही, दात सांगतो. मी वाकून दाणा उचलला तर तुझ्या मिलमधली निकिता म्हणते, "कायले चावता ताई? आमी तिघींनी चावली नं. आनखी एक ऊन लागते. तुमी बसा." तुमी बसा! माझ्या मिलमध्ये आठ वर्षं तो मान माझा आहे. मी चावेपर्यंत तुरीला कोणी हात लावत नाही.

तुझ्या खुर्चीवर उशी आहे. तू बऱ्यापैकी बसतेस असं दिसतं. मला माझ्या मिलमध्ये बसायला वेळ मिळत नाही.

तुझी,
बेबीताई


किन्हीराजा,
१५ फेब्रुवारी

आदरणीय बेबीताई,

जय भीम आणि नमस्कार. पत्र वाचून हसू आलं आणि थोडं लागलंही. काय लागलं ते लिहीत नाही, तुम्ही मोठ्या आहात. उशी माझी नाही, माझ्या आधीच्या मॅनेजरबाईंची आहे. त्यांना पाठीचा त्रास होता.

इथली पहिली सकाळ सांगते. मी पोचले तर तुमच्या सगळ्या बायका ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या. लिलाबाई पुढे आल्या. "ताई, झाडू मारू काय?" मी म्हटलं, रोज मारता ना, मग मारा. "बेबीताई सांगते, मंग मारतो." झाडू झाला. मग पाणी भरू काय, चाळणी लावू काय, ताडपत्री काढू काय, चहा मांडू काय. दुपारपर्यंत मी नुसती हो हो म्हणून थकले आणि एका पोत्यावर बसले, तर त्याही थांबल्या. मी पाणी प्यायला बसले होते, त्यांना वाटलं सुट्टी झाली.

एक मात्र मान्य करायला हवं. इतकी लखलखीत मिल मी दुसरी पाहिली नाही. पट्ट्यावर धूळ नाही, तेलाचा डबा पुसलेला, पोत्यांची थप्पी सरळ. आमच्या रिठदला थप्पी नेहमी एका बाजूला कललेली असते. ते बघून तुमच्याबद्दल मनात काय काय आलं, त्यातलं सगळं चांगलं नव्हतं.

तूर चावायचं लिहिलंत. मी लिलाबाईंना म्हटलं, तुम्ही चावून सांगा. त्या दोन पावलं मागे सरल्या. "मी कायले चावू? चावाचं ताईचं काम हाये." मी हसले, पण माझ्याबरोबर कोणी हसलं नाही. शेवटी मीच चावली आणि झाली म्हटलं, तर एकमेकींकडे बघत राहिल्या. दाळ चांगली निघाली तरी त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. माझ्या दातावर तुमच्या बायकांचा भरवसा नाही, ताई.

दिवसभर तुमचंच नाव. ताई असती तं असं म्हनली असती, ताई असती तं तसं केलं असतं. काल जेवताना लिलाबाईंनी सवयीनं तुमच्या वाट्याची मिरचीची चटणी बाजूला काढली आणि मग लक्षात आल्यावर डबा तसाच झाकून ठेवला. मला विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यापासून मी ठरवलंय की उत्तरं कमी द्यायची. कोणी विचारलं तर उलट विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला आवडणार नाही, पण या महिन्यात मिल माझ्याकडे आहे.

आपली,
योगिनी


रिठद,
१८ फेब्रुवारी

योगिनी,

तुम्हाला काय वाटतं! हे तुला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं? वाशीमच्या हॉलमध्ये त्या गोऱ्या बाई आल्या होत्या, फुगे फोडायला लावत होत्या, तिथेच ना? मीही होते. मी फुगा फोडला आणि घरी आले.

मी कशी शिकले ते तुला माहीत नाही, तू तेव्हा नव्हतीस. पहिल्या वर्षी कोणाला काही येत नव्हतं. आम्ही सगळ्या मिळून ठरवायचो. सगळ्यांनी मिळून ओली तूर मशीनला लावली, रोलर गच्च बसला, आणि दुरुस्तीला अकोल्याचा माणूस येईपर्यंत मिल बंद. दुसऱ्या वर्षी त्याची धास्ती घेऊन इतकी वाळवली की दाळीची निम्मी चुरी झाली. गावात बायकांचे नवरे हसले. लिलाबाईच्या सासूनं तिला म्हटलं, मिलच्या नादी लागण्यापेक्षा शेतात निंदणाला जात जा. त्या दिवशी मी ठरवलं की आता एकच दात, माझा. चूक झाली तर शिव्या मला, बाकीच्यांना घरी बोलणी नकोत. तेव्हापासून एक दिवस मिल बंद पडलेली नाही. मला कामानं शिकवलं, फुग्यानं नाही.

आणि तुझ्याकडे काय चालतं? तिघी चावतात आणि भांडतात. निकिता म्हणते झाली, दुसरी म्हणते कच्ची आहे, तिसरी म्हणते माझा दात दुखून राह्यला, उद्या सांगते. ऊन डोक्यावर येतं आणि निर्णय होत नाही. काल मी ओरडले. त्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं, "बराबर हाये ताई" म्हणाल्या, आणि पुन्हा भांडायला लागल्या. शेवटी कसं काय ठरलं ते मला अजून कळलेलं नाही. पण दाळ बरी निघाली, हे सांगायला हवं. सांगताना जिवावर येतं.

अजून एक सांगते. तुझ्या बायका पाच वाजता हसत घरी जातात. माझ्या सहाला जातात, मुकाट्यानं. आठ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी तेव्हा कुलूप लावत असते. इथे खुर्चीत बसून दिसलं, आणि दिसलं म्हणून तुझा आणखी राग आला.

बेबीताई


किन्हीराजा,
२० फेब्रुवारी, संध्याकाळ

आदरणीय ताई,

घाईत लिहिते. तुम्हाला चिडवायला नाही, खरंच राहवत नाही म्हणून.

आज लिलाबाई आपणहून माझ्याकडे आल्या. हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "झाली ताई तूर. लावा उद्या मशीनले." मी विचारलं, नक्की? "नक्की." आवाजात जराही कापरं नाही. चार दिवस मी तुम्हाला काय वाटतं म्हणत होते आणि त्या गप्प होत्या. आज बोलल्या.

मी मुद्दाम चावून बघितली नाही. मी दाणा तोंडात टाकला असता तर त्यांचा शब्द तिथेच पडला असता. अख्खा ओटाभर माल आहे, पण मी उद्या सकाळी त्यांच्या शब्दावर लावणार आहे. तुम्हाला हे आवडायचं नाही. मला आज फार बरं वाटतंय.

योगिनी


रिठद,
२३ फेब्रुवारी

योगिनी,

किसनसिंगनं सगळं सांगितलं. मशीन गच्च बसली, टरफल निघेना, दाळ चपटी होऊन रोलरला चिकटली, आणि ओटाभर माल ढोरांच्या पेंडीत गेला. खोटं कशाला बोलू, तो सांगत होता तेव्हा मी जेवत होते आणि मला अर्धी भाकर जास्त गेली.

वाईटही वाटलं. माल बायकांचा आहे. पण पहिली दोन वर्षं सोडली तर माझ्या हातून असं कधी झालेलं नाही, हे मी लिहिलं नाही तरी तू मनात म्हटलंच असशील. म्हणून लिहिलं.

दोष लिलाबाईला देऊ नकोस. तूर तर पुरी वाळलेली होती, दाताखाली कट्ट वाजत होती. रात्री तुम्ही ताडपत्री नीट ओढली नसणार, दव पडलं असणार. थंडी अजून गेलेली नाही. मी असते तर झोपायच्या आधी एक चक्कर मारून आले असते. मिल म्हणजे काय पाच वाजता उठून जायची जागा आहे?

सोजरबाईंपर्यंत गेलंच असेल. मी काही बोललेले नाही, पण किसनसिंगच्या तोंडाला झाकण नाही.

बेबीताई


किन्हीराजा,
२६ फेब्रुवारी

आदरणीय बेबीताई,

तूर कट्ट वाजत होती हे तुम्हाला रिठदला बसून कसं कळलं?

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग लिलाबाईंना बोलावून वाचून दाखवलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि खाली बसल्या. मग सगळं सांगितलं. वीस तारखेला सकाळी त्यांनी ओट्यावरची मूठभर तूर रुमालात बांधून किसनसिंगकडे दिली, की रिठदला जाऊन ताईला चावायला दे आणि काय म्हणते ते विचारून ये. किसनसिंगनं रुमाल गाडीत पुढे काचेखाली ठेवला. शिरपूरला त्याला माल भरायला थांबावं लागलं, गाडी भर उन्हात उभी. काचेखाली त्या मूठभर तुरीला दोन दिवसांचं ऊन मिळालं असेल. ओट्यावरची इकडे ओलसरच होती. तुम्ही चावलीत आणि निरोप दिलात, "झाली, लाव म्हना." तुमचा दात चुकला नाही, ताई. रुमालातली तूर झालेलीच होती.

आणि मी इकडे आनंदानं पत्र लिहीत बसले, की लिलाबाई बोलल्या! त्या तुमचं बोलल्या. मी चावून बघितली असती तर तेवढ्यात कळलं असतं. ती चूक निखालस माझी आहे.

महासंघाची बाई चौकशीला आली होती. मी सांगितलं की या महिन्यात मिल माझ्याकडे आहे, नुकसान माझ्या नावावर लिहा. रुमालाबद्दल काही बोलले नाही. लिलाबाईंनाही बोलू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, योगिनी किती समजूतदार. सगळे तेच म्हणतात. म्हणून खरं लिहिते. मला त्या रुमालाचा राग आला नाही, हेवा वाटला. तुम्ही नसलात तर तुमच्या बायकांना घास गिळवत नाही, म्हणून चोरून पन्नास किलोमीटरवर तूर पाठवतात. माझ्या रिठदहून एक निरोप नाही. मी दर फेरीला किसनसिंगला विचारते, कोणी काही सांगितलं का? तो म्हणतो, "नाही नं ताई, तिकडं सगळं बराबर चालू हाये." त्याला वाटतं मी खूश होईन. मी बाजूला जाऊन उगाच पोती मोजते.

योगिनी


रिठद,
२७ फेब्रुवारी

योगिनी,

तुला कोणी सांगितलं मला पाठीशी घालायला? मी तुझ्याकडे पदर पसरला होता? माझी मिल घेतलीस, माझ्या बायका घेतल्यास, आता माझी चूकही तूच घेणार? मला काही ठेवशील की नाही?

ऐक. किसनसिंगनं तो रुमाल पुढे केला ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दहा दिवस खुर्चीत बसून मी वाळून गेले होते. मी तो सरळ कोपऱ्यात नेऊन सोडायला हवा होता. मी ओट्याच्या मधोमध उभी राहून सोडला, तुझ्या निकिताला दिसेल असा. म्हटलं बघा, तिकडे माझ्यावाचून पान हालत नाही. सोजरबाईंनी फोनला बंदी केली, रुमालाला नाही, अशी मनाची समजूत घातली. रुमाल गरम होता. बोटांना कळलं होतं तेव्हाच. पण सगळ्या बघत होत्या, मी झोकात चावली आणि निरोप देऊन टाकला. गरम का आहे हे विचारायला मला तेव्हा सवड नव्हती.

मीटिंगमध्ये मी हे सांगणार आहे. तू अडवू नकोस. तुझ्यावर उपकार करायला नाही सांगत, तुझा उपकार नको म्हणून सांगते.

आणि लिलाबाईचं आता विसर. ती जन्मात पुन्हा दाणा तोंडात घालणार नाही. तिला मी ओळखते.

बेबीताई


किन्हीराजा,
८ मार्च

आदरणीय ताई,

परवा मी रिठदला परत येईन आणि तुम्ही इकडे. त्याआधी सांगायला हवं. लिलाबाईंनी चावली.

तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं. आठवडाभर त्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत, मागे चाळणीवरच बसायच्या. तोवर मी चावत होते आणि मिल चालवत होते. मग तीन तारखेला नवीन माल ओट्यावर पसरला आणि सगळ्यांना सांगितलं, या मालाला मी दात लावणार नाही आणि रुमालही कुठे जाणार नाही. कोणी सांगितलं तर लावू, नाही तर पडू दे. एक ऊन झालं, दोन झाली. बायका कुजबुजायला लागल्या. मला रात्री झोप नव्हती, सगळी चुरी झाली तर दुसरं नुकसान माझ्याच नावावर. तिसऱ्या दिवशी सकाळी लिलाबाई आल्या. ओट्याच्या चारी कोपऱ्यांतला आणि मधला दाणा वेगवेगळा चावला. थुंकल्या. "सावलीकडची कच्ची हाये. ते इकडं वढा. दुपारी लावू." चारी कोपरे चावायचं मला सुचलं नव्हतं, ताई. तुम्हीही तसं करत नाही असं त्या म्हणाल्या.

दाळ सोन्यासारखी निघाली. त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, सरळ पोतं लावायला गेल्या. याचीच मी महिनाभर वाट बघत होते, आणि बघितलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

बाराला मीटिंग. भेटू.

योगिनी


रिठद,
१७ मार्च

बेबीताई,

फोन करता आला असता, आता बंदी नाही. पण आवाज फुटेल म्हणून लिहिते.

तुम्ही मोठ्या मॅनेजर झालात. अभिनंदन हा शब्द चार वेळा लिहून खोडला, आता पाचव्यांदा लिहिला आहे, तो राहू दे.

मीटिंगमध्ये तुम्ही उभ्या राहून रुमालाचं सगळं सांगितलंत तेव्हा मला वाटलं, संपलं, जागा माझी. मला आनंद झाला होता, हे आधी सांगते. मग सोजरबाईंनी दोघींना एकच विचारलं. "तुमी वर आल्या, तं मांग मिल कोनाच्या हाती?" मी छातीठोकपणे म्हटलं, सगळ्याच चालवतात. आणि त्या म्हणाल्या, "सगळ्याच म्हंजे कोनीच नाही. माल खराब झाला तं मी कोनाले बोलू?" निकिताचं नाव घेता आलं असतं. पण मी तिला कधी एकटीला पुढे केलंच नाही, म्हणून ते तोंडात आलं नाही.

मग तुम्हाला विचारलं. तुम्ही श्वाससुद्धा घेतला नाहीत. "लिलाबाई." आणि ती चारी कोपरे कशी चावते, सावलीकडचा माल कसा ओढायला लावते, सगळं सांगितलंत. माझ्या पत्रातलं, ताई. शब्दाशब्दानं माझ्या पत्रातलं.

लिलाबाईंना मी उभं केलं. त्यासाठी एक ओटाभर माल घालवला, दुसरा घालवायची तयारी ठेवली. आठ वर्षांत तुम्हाला जे नाव घेता आलं नसतं ते मी तुमच्या हातात आणून ठेवलं, आणि तुम्ही ते घेऊन वर गेलात. माझं नाव एकदाही घेतलं नाहीत. मी समोरच बसले होते.

मी समजूतदार नाही. मी जळते आहे, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. बायका हसतात तेव्हा वाटतं मला हसतात. तुमच्या हाताखाली मला काम करवणार नाही. राजीनामा लिहून ठेवला आहे, किसनसिंगच्या पुढच्या फेरीला पाठवते.

योगिनी


वाशीम,
१९ मार्च

योगिनी,

तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. विसरले नव्हते. तू समोर बसली होतीस आणि जागाही समोर होती, आणि मला जागा पाहिजे होती. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

तुझं पत्र आलं आणि मी सोजरबाईंच्या घरी गेले. सांगितलं की लिलाबाई योगिनीनं तयार केली, मी नाही. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले मालूम हाये. किन्हीराजाच्या बायांनी कवाच सांगतलं. पन तिनं आपल्या मिलमंधी कोनाचं नाव घेतलं काय?" मी म्हटलं, मी घेतलेलं नाव तिच्याच मेहनतीचं होतं. त्या म्हणाल्या, "मंग आता तिले घेऊन चाल." निकाल बदलायचा नाही म्हणाल्या. बदलला नाही म्हणून मला बरं वाटलं, तेही लिहून टाकते.

तुझी समजूत घालायला बसणार नाही. रिठदच्या त्या खुर्चीत कोणी माझी समजूत घालायला आलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. जळत होते म्हणून तर मला तुझी मिल दिसली. तुझ्या बायका हसत घरी जातात हे दिसलं, तिघी भांडतात आणि ठरवत कोणीच नाही हेही दिसलं. नुसतं तुझं कौतुक करत बसले असते तर महिनाभर पंख्याखाली चहा पिऊन परत आले असते.

काल किन्हीराजाला गेले होते. लिलाबाई ओट्यावर होती. मी गेले तरी ती बाजूला सरली नाही, चावत राहिली. मी हात मागे बांधून उभी राहिले आणि मग शिरपूरला निघून गेले.

राजीनामा पाठवलास तर मंजूर करीन. आता तो अधिकार माझा आहे आणि मला तो वापरायची हौसही फार आहे. पण चार मिल आहेत, योगिनी. एकीच्या पलीकडे मी आजवर कधी काही बघितलेलं नाही, आणि मी चुकणार आहे. बाकीच्या तिघी हो ताई म्हणतात. तुझ्याइतकं बारीक माझ्याकडे कोणी बघत नाही. तू ते मायेनं बघत नाहीस, माझं कुठे चुकतं तेच शोधतेस, हे मला पुरतं माहीत आहे.

तरी ये.

बेबीताई